कुरणावरचे नत्र आणि देशांची क्रमवारी

चरणाऱ्या गुरांच्या शेण-मूत्रातून कोणत्या देशात किती नत्र वाया जाते, याचे तक्ते पर्यावरणविषयक अहवालांतून वारंवार दिसतात. एका रकान्यात देशाचे नाव, दुसऱ्यात टनांचे आकडे. वाचणारा साहजिकच पहिला नंबर कोणाचा ते पाहतो. या तक्त्यांवर आमचा मुख्य आक्षेप असा, की त्यांतील बराचसा फरक कुरणावर मोजलेलाच नसतो.

आधी कुरणात काय घडते ते पाहू. दुभत्या गाईने चाऱ्यातून घेतलेल्या नत्रापैकी सुमारे पाव हिस्सा दुधात उतरतो. बाकीचे बहुतेक बाहेर पडते. गाय जिथे मूत्र टाकते तेवढ्या लहानशा जागेत नत्राचे प्रमाण हेक्टरी १००० किलोपर्यंत जाऊ शकते. गवताला एवढे नत्र उचलणे शक्य नसते. मूत्रातील युरियाचे काही दिवसांत अमोनियात रूपांतर होते व त्यातला काही भाग हवेत उडून जातो. उरलेल्याचे जिवाणू नायट्रेट बनवतात. ते पावसाच्या पाण्याबरोबर भूजलात झिरपते, किंवा ओल्या, हवा न खेळणाऱ्या मातीत त्यापासून नायट्रोजन व नायट्रस ऑक्साइड हे वायू तयार होतात. पैकी पहिला निरुपद्रवी. दुसरा मात्र वजनास वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करणारा. शेणातले नत्र सेंद्रिय रूपात बांधलेले असल्याने सावकाश सुटते.

नायट्रस ऑक्साइडचा हिशोब करताना बहुतेक देश आयपीसीसी या आंतरसरकारी मंडळाचा गुणांक वापरतात. २००६ च्या मार्गदर्शिकेत गुरांसाठी तो २ टक्के होता, म्हणजे कुरणावर पडलेल्या १०० किलो नत्रातले २ किलो या वायूच्या रूपाने जाते असे धरायचे. २०१९ च्या सुधारणेत तो सरासरी ०.४ टक्के झाला (ओल्या हवामानात ०.६, कोरड्या हवामानात ०.२). गायी त्याच, कुरणे तीच, आणि आकडा एक-पंचमांश! अशा दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून कोणी 'घट झाली' म्हणू लागला तर त्याला काय म्हणावे? सर्व देशांना एकच गुणांक लावला, तर क्रमवारी मुख्यतः गुरांच्या संख्येची होते. त्यासाठी पशुगणना पुरेशी होती.

काही देशांनी स्वतः मोजमापे केली आहेत. न्यूझीलंडने बरीच वर्षे गाईच्या मूत्रासाठी १ टक्का व शेणासाठी ०.२५ टक्के असे वेगळे गुणांक वापरले. आयर्लंडच्या २०१६ मधील अभ्यासात सरासरी १.१८ व ०.३१ टक्के आले. पण आम्हाला सरासरीपेक्षा त्यामागचा पल्ला अधिक बोलका वाटतो. तीन ठिकाणी, वेगवेगळ्या ऋतूंत मोजले तेव्हा मूत्राचा गुणांक ०.३० पासून ४.८१ टक्क्यांपर्यंत बदलत होता. एकाच लहान देशात सोळापट फरक! माती कशी, निचरा कसा, पाऊस कधी, हे देशाच्या नावापेक्षा जास्त महत्त्वाचे ठरते.

वर्गात हे करून पाहता येईल. कुरणावर १००० किलो नत्र पडले, त्यातले ७०० मूत्रातून, असे धरू. २००६ च्या गुणांकाने नायट्रस ऑक्साइडवाटे २० किलो नत्र जाते, २०१९ च्या सरासरीने ४, न्यूझीलंडच्या गुणांकांनी ७.७५ आणि आयर्लंडच्या सरासरीने सुमारे ९.२ किलो.

मूत्राचा वाटा ७०० धरला तोही सर्वत्र खरा नाही. प्रथिनांनी भरलेल्या हिरव्या गवतावर तो मोठा असतो. कडबा खाणाऱ्या आपल्याकडच्या गाईत नत्राचा अधिक भाग शेणात जातो. शिवाय आपल्याकडे शेण गोळा करून त्याच्या गोवऱ्या थापतात. मार्गदर्शिकेत यासाठी 'इंधन' असा वेगळा प्रकार आहे, आणि गोवऱ्या होणाऱ्या शेणासोबतचे मूत्र जमिनीवर पडले असे धरून निम्मे नत्र कुरणाच्या खात्यात टाकले जाते. हे 'निम्मे' म्हणजे सोयीची विभागणी आहे. मोजमापे नसलेल्या देशाला एकूण अंदाज द्यायचा असेल तर असे काही धरावेच लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण अशाच आकड्यावरून भारताला न्यूझीलंडच्या वर किंवा खाली बसवणे आम्हाला मान्य नाही. त्याआधी महाराष्ट्रातल्या एखाद्या गायरानावर, पहिल्या पावसानंतर आणि भर उन्हाळ्यात, हा वायू मोजून पाहायला हवा.