आठपट आयुष्याचा हिशेब

घरातल्या रिमोटचा सेल 'संपला' म्हणून आपण काढतो आणि तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात घालतो. घड्याळ पुढे कित्येक महिने चालते. म्हणजे सेल संपलेला नव्हता, तो रिमोटच्या उपयोगाचा राहिला नव्हता, इतकेच. ही गोष्ट बहुतेक घरांत ठाऊक असते. तिच्यावरच एक उद्योग उभा करण्याचा प्रयत्न २०१५ साली अमेरिकेत झाला. त्या प्रयत्नाची कहाणी विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम पाहावी, असे आम्हांला वाटते. कारण त्यात मांडलेला दावा खरा की खोटा, हे ठरवायला नववी-दहावीचे विद्युतशास्त्र पुरेसे होते.

कॅलिफोर्नियातील 'बॅटरू' या कंपनीने जून २०१५ मध्ये 'बॅटरायझर' नावाची एक वस्तू जाहीर केली. पेन्सिल सेलवर बसणारे पोलादाचे टोपण, जाडी एक दशांश मिलिमीटरपेक्षा कमी, आणि त्यातच बसवलेले एक चिमुकले मंडल. चार टोपणांची किंमत सुमारे दहा डॉलर. एकदा घेतलेले टोपण पुन्हा पुन्हा वापरता येणार. ते लावले की साधा सेल आठपट काळ टिकेल, असा दावा. इंटरनेटवरून लोकवर्गणी गोळा करणाऱ्या 'इंडिगोगो' या संस्थेमार्फत पैसे मागितले गेले आणि ठरवलेल्या रकमेच्या कितीतरी पट पैसे जमले. वस्तू त्याच वर्षी बाजारात येईल असे सांगितले होते. वर्गणीदारांच्या हाती ती पडू लागली ती २०१६ च्या अखेरीस, नावही बदलून 'बॅटरू बूस्ट' झाले होते.

दाव्यामागची मांडणी अशी. नव्या अल्कलाइन सेलचे विभवांतर दीड व्होल्टच्या आसपास असते. वापराबरोबर ते उतरते. १.३५ किंवा १.४ व्होल्टपर्यंत उतरले की उपकरणे बंद पडतात आणि आपण सेल फेकून देतो. त्या वेळी सेलमध्ये ८० टक्के ऊर्जा शिल्लक असते. टोपणातले मंडल हे उतरलेले विभवांतर पुन्हा दीड व्होल्टपर्यंत चढवते आणि उरलेली ऊर्जा वापरात येते.

यातील मंडलाचा भाग पूर्ण खरा आहे. कमी विभवांतरापासून जास्त विभवांतर मिळवणारी मंडले जुनी आहेत. फेराइटच्या कड्यावर गुंडाळलेली तार, एक ट्रान्झिस्टर, एक रोध आणि एक एलईडी एवढ्या सामानात 'मेलेल्या' सेलवर दिवा लावून दाखवता येतो. पुष्कळ शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत हा प्रयोग असतोही. एका सेलवर चालणाऱ्या अनेक एलईडी टॉर्चमध्ये असे मंडल कारखान्यातूनच बसवलेले असते. ते सेलच्या टोपणात मावेल इतके लहान करणे हे कौशल्याचे काम होते आणि त्याचे श्रेय त्या अभियंत्यांना द्यायलाच हवे.

१.४ व्होल्टला सेलमध्ये पुष्कळ ऊर्जा शिल्लक असते, हेही खरेच. मध्यम भार जोडलेला अल्कलाइन सेल थोड्याच वेळात १.४ च्या खाली येतो आणि आपले बहुतेक काम १.३ ते १.० व्होल्ट या पट्ट्यात करतो. गाडे अडते ते मधल्या वाक्यात. उपकरणे १.३५ किंवा १.४ व्होल्टला बंद पडतात, हे कशावरून?

हे खरे नाही, याचा पुरावा दुकानात टांगलेला असतो. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्या. त्यांच्या वेष्टनावरच १.२ व्होल्ट असे छापलेले असते. ते आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ १.२ ते १.२५ व्होल्टच्या आसपास घालवतात. उपकरणे १.३५ ला बंद पडत असती तर हे सेल कुठेच चालले नसते. प्रत्यक्षात ते कॅमेऱ्यात, खेळण्यांत, रिमोटमध्ये सर्रास चालतात. उपकरण बनवणाऱ्याला सेलचा उतार ठाऊक असतो, आणि तो सहसा दर सेलमागे एक व्होल्ट किंवा त्याहूनही खाली चालेल अशीच रचना करतो. सगळीच उपकरणे अशी शहाणी नसतात. काही १.१ ला मान टाकतात, क्वचित एखादे त्याही आधी. म्हणून आठपटीचा दावा आकड्यांनी तपासू.

सेलमधून मिळू शकणारी एकूण ऊर्जा १०० भाग धरू. एखादे उपकरण १.१ व्होल्टला बंद पडते. तोवर साधारण ७५ भाग वापरले गेलेले असतात. आता सुरुवातीपासूनच टोपण लावले. कोणतेही मंडल विभवांतर फुकट चढवून देत नाही, थोडी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने जाते. कार्यक्षमता ८५ टक्के धरू. १०० पैकी ८५ भाग उपकरणाला मिळाले. ७५ च्या जागी ८५, म्हणजे आयुष्य १.१३ पट. उपकरण बंद पडल्यावर मगच टोपण लावले तर उरलेल्या २५ भागांपैकी सुमारे २१ हाती येतील, आयुष्य १.२८ पट होईल. आणि उपकरण मुळातच ०.९ व्होल्टपर्यंत चालणारे असेल तर? तेव्हा टोपणाशिवायच ९५ भाग वापरले जातात. सुरुवातीपासून टोपण लावणाऱ्याला ८५ मिळतील. सेल लवकर संपेल.

आठपट आयुष्य हवे असेल तर ८५ ला आठाने भागा. जेमतेम साडेदहा भाग वापरून झाल्यावर बंद पडणारे उपकरण शोधावे लागेल. असे उपकरण कोणी बनवले असेल तर टोपण विकत घेण्याऐवजी ते उपकरणच दुकानदाराला परत करावे.

यात आणखी दोन गोष्टी मिळवायला हव्यात. पहिली, उपकरण दीड व्होल्टला १०० मिलिअँपिअर प्रवाह घेत असेल आणि सेल १ व्होल्टवर आला असेल, तर टोपणाला सेलमधून सुमारे १७६ मिलिअँपिअर ओढावे लागतात. सेल जितका थकलेला, तितका त्याच्यावर भार अधिक. थकलेल्या सेलचा अंतर्गत रोधही वाढलेला असतो, त्यामुळे आतल्या आत वाया जाणारी ऊर्जाही वाढते. म्हणून वरचा हिशेब टोपणाला झुकते माप देणारा आहे. दुसरी गोष्ट तारेच्या बल्बच्या टॉर्चची. साध्या टॉर्चमध्ये सेल उतरला की प्रकाश मंदावतो आणि वापरही कमी होतो. टोपण प्रकाश कायम ठेवते, पण १.१ व्होल्टला जेवढी शक्ती खर्च झाली असती तिच्या जवळजवळ पावणेदोन पट शक्ती बल्ब घेतो. प्रकाश चांगला मिळेल, पण जास्त दिवस मिळेल असे म्हणता येणार नाही.

मग प्रात्यक्षिकांत यश कसे दिसले? वायरलेस कीबोर्डचा सेल संपत आल्याचे संगणकाच्या पडद्यावर दिसते, टोपण लावले की तोच निर्देशक पुन्हा 'पूर्ण' दाखवतो. पाहणारा थक्क होतो. पण तो निर्देशक ऊर्जा मोजतच नसतो. तो विभवांतर मोजतो आणि त्यावरून ऊर्जेचा अंदाज बांधतो. टोपण त्याला सतत दीड व्होल्ट दाखवते, तेव्हा त्याने 'पूर्ण' म्हणणे क्रमप्राप्तच आहे. तापमापीवर गरम कापड गुंडाळून रोग्याला ताप आहे म्हणावे, तसा हा प्रकार.

सुरक्षिततेचा प्रश्न इथूनच सुरू होतो. रक्तदाब मोजण्याचे यंत्र किंवा डोंगरात नेलेला टॉर्च घ्या. सेल उतरत आला की पहिले यंत्र खूण दाखवते, दुसरा मंद होतो. ती पूर्वसूचना असते. टोपण शेवटच्या क्षणापर्यंत सारे आलबेल असल्याचे सांगते आणि मग उपकरण एकदम बंद पडते. शिवाय उपकरण बंद करून ठेवले तरी मंडल सेलला जोडलेलेच राहते आणि थोडा प्रवाह स्वतःसाठी घेत राहते. पूर्ण रिकामा होऊन तसाच पडून राहिलेला अल्कलाइन सेल गळण्याचा संभव जास्त. गळते ते पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण. त्याने धातूच्या पट्ट्या गंजतात आणि ते डोळ्यांत किंवा कातडीवर गेले तर इजा होते.

दुसरी शंका टोपणाच्या घडणीविषयी आहे आणि ती शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी. पाठ्यपुस्तकातल्या कोरड्या घटाच्या आकृतीत बाहेरचे भांडे जस्ताचे असते आणि ते ऋण अग्र असते. मधली कार्बनची कांडी धन. ही आकृती डोक्यात ठेवून पाहिले तर ऋण टोकाला जोडलेली पोलादी पट्टी सेलच्या अंगावरून वर नेण्यात काही वावगे दिसत नाही. पण अल्कलाइन सेलची रचना उलटी असते. त्यात जस्ताची भुकटी मध्यभागी असते आणि मँगनीज डायऑक्साइड बाहेरच्या पोलादी डब्याला लागून. म्हणजे डबा धन असतो. वरच्या टोकापासून खाली जवळजवळ तळापर्यंतचे सारे अंग धन, आणि त्याला झाकणारे काय, तर नाव छापलेले प्लास्टिकचे पातळ वेष्टन. त्या वेष्टनावरून ऋण अग्राला जोडलेले पोलादी टोपण सरकवायचे, काढायचे, पुन्हा दुसऱ्या सेलवर बसवायचे. धारदार कडेने वेष्टन खरचटले की धन आणि ऋण एकमेकांना भिडले. नव्या सेलचा अंतर्गत रोध ओहमच्या एक-दोन दशांशांइतकाच असतो. लघुपथनात काही अँपिअर प्रवाह वाहतो आणि सेल चटका बसेल इतका तापतो. दरवेळी असेच घडेल असे आम्ही म्हणत नाही. पण घरोघरी, मुलांच्या हाती जाणाऱ्या वस्तूची सारी भिस्त एका छापील वेष्टनावर असावी, ही रचना आम्हांला पटत नाही. (वापरून झालेल्या अल्कलाइन सेलचे वेष्टन नखाने जरासे खरवडून मल्टिमीटर लावा. अंग आणि वरचे बटण यांत शून्य, अंग आणि तळ यांत सेलचे विभवांतर दिसेल. डब्याला मात्र भोक पाडू नये.)

दावा जाहीर होताच ऑस्ट्रेलियातील इलेक्ट्रॉनिक्स अभियंता डेव्ह जोन्स यांनी त्याची जाहीर चिरफाड केली. वस्तू हातात न घेता टीका करणे योग्य नव्हे, असे उत्तर अशा वेळी सहज दिले जाते, आणि ते ऐकायला न्याय्य वाटते. पण ऊर्जेच्या हिशेबाला वस्तू हातात असावी लागत नाही. शेरभर दुधातून दोन शेर लोणी काढतो म्हणणाऱ्याची रवी तपासायला कोणी जात नाही. पुढे वस्तू हाती आल्यावर जोन्स आणि इतरांनी ती निरनिराळ्या उपकरणांत लावून पाहिली. अनेक उपकरणांत सेल टोपणाशिवाय जास्त टिकले.

राहिला पैशाचा प्रश्न. लोकवर्गणीत पैसे देणारा हा गिऱ्हाईक नसतो. वस्तू मिळेलच अशी हमी त्याला नसते, वेळेवर मिळण्याची तर नसतेच. 'किकस्टार्टर' या दुसऱ्या मोठ्या संस्थेने २०१२ मध्ये यंत्रे-उपकरणे मांडणाऱ्यांवर प्रत्यक्ष नमुना दाखवण्याची अट घातली आणि संगणकावर रंगवलेली खोटी छायाचित्रे देण्यास बंदी केली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरच्या सुमारे ४७ हजार वर्गणीदारांची पाहणी केली. तिच्यानुसार सुमारे नऊ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही. बॅटरायझर या नऊ टक्क्यांच्या जातीचा नव्हता. वस्तू उशिरा का होईना आली. नमुना दाखवा ही अट तिला अडवू शकली नसती, कारण नमुना चालत होताच. तो किती उपयोगी, हे कोणी विचारायचे, याची सोय या व्यवस्थेत नाही. वर्गणी देणाऱ्यालाच ते विचारावे लागते.

वर्गात हे विचारायला फार खर्च येत नाही. एक नवा अल्कलाइन पेन्सिल सेल, दहा ओहमचा अर्धा वॅटचा रोध, मल्टिमीटर आणि घड्याळ घ्यावे. रोध जोडलेला असतानाच दर अर्ध्या तासाने विभवांतर टिपावे. नुसत्या सेलचे मोजले तर फसगत होते, कारण विसावलेला सेल भार काढताच पुन्हा वर चढतो. शाळा सुटताना रोध काढावा, दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडावा. सकाळचे पहिले वाचन आदल्या संध्याकाळपेक्षा वर का, हे मुले विचारतीलच. सगळे मिळून पंधरा-वीस तास लागतील. प्रत्येक अर्ध्या तासाची ऊर्जा म्हणजे विभवांतराचा वर्ग भागिले दहा, गुणिले १८०० सेकंद. १.२ व्होल्टला ती सुमारे २५९ जूल येते. ०.८ व्होल्टपर्यंतची बेरीज आठ-दहा हजार जूलच्या आसपास जाईल. मग आलेखावर १.४, १.१ आणि ०.९ या तीन ठिकाणी आडव्या रेषा मारून प्रत्येक रेषेपर्यंत किती टक्के ऊर्जा वापरली गेली, ते मुलांना काढू द्यावे. आम्ही वर धरलेले ७५ आणि ९५ हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या सेलचे वेगळे येतील. ते आले की हिशेब पुन्हा मांडावा.