पहिला खेळ कोणासाठी?

दिवाळी सरली की पूर्व विदर्भात वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस येतात. सावली, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, जिकडे जावं तिकडे दिवसा बाजार आणि रात्री नाटक. वडसा म्हणजे देसाईगंज ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. नाटक कंपन्या तिथल्या आणि हंगामाच्या तारखा ठरतात त्याही तिथेच. नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत चालतं. आईच्या मांडीवर पेंगणारी पोरं लढाईच्या प्रवेशाला खडबडून जागी होतात. २०२३ साली झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उर्वरित महाराष्ट्राने या रंगभूमीकडे जरा मान वळवून पाहिलं. पण ती तगली आहे ती तिकीट काढून येणाऱ्या गावकऱ्यांच्या जिवावर.

अशा जाणत्या प्रेक्षकाच्या मुलखात आदिवासी मुलांसाठीचा लघुपट अजून रुजलेला नाही. कॅमेऱ्याची टंचाई आता नाही, गोष्टींची तर कधीच नव्हती. या मुलांविषयी पुष्कळ चित्रित झालं आहे, पण ते या मुलांना दाखवायचं म्हणून क्वचितच झालं आहे. आजवरचं काम पाहताना हा भेद मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

पहिला प्रवाह मोठ्यांसाठी केलेल्या चित्रांचा. त्यातलं मराठीतलं सर्वांत सकस काम आधी घेऊ. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ २००९ सालचा. शाळेची ओढ लागलेल्या भटक्या जमातीतल्या मुलाची ही गोष्ट राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचली आणि मराठी लघुपटाला तिने नवी नजर दिली. २०१७ चा ‘पावसाचा निबंध’ आदिवासी मुलाचा नाही, पण या चर्चेत तो टाळता येत नाही. शाळेत पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलेलं असतं आणि मुलाची रात्र त्याच पावसाशी झुंजण्यात जाते. दोन्ही लघुपट मोठ्यांना अंतर्मुख करतात. आपण या मुलांचं काय केलं, असा प्रश्न घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. पण हा प्रश्न मोठ्यांचा आहे. पिस्तुल्याच्या वयाच्या मुलाने ही चित्रं पाहिली तर त्याला स्वतःचं दुःख पुन्हा दिसतं. त्या दुःखाशी खेळायला, त्याच्यावर मात करायला जागा मिळत नाही.

गडचिरोलीवरचा ‘अ रायफल अँड अ बॅग’ हा माहितीपट २०२० साली रॉटरडॅमच्या महोत्सवात दाखवला गेला. आर्या रोठे, इझाबेला रिनाल्डी आणि क्रिस्तीना हानेस या तिघींनी तो केला. आत्मसमर्पण केलेलं एक नक्षलवादी जोडपं, त्यांचा मुलगा आणि त्याच्या शाळेसाठी लागणारा जातीचा दाखला, एवढाच त्याचा ऐवज. तो लघुपट नव्हे, मुलांसाठीही नव्हे. तरी एका कागदामागे धावणारं घर मुलाच्या उंचीवरून कसं दिसतं, हे त्यातून कळतं. कॅमेरा इतका धीर धरू शकतो, तर तोच धीर घेऊन मुलांसाठी काही करता आलं असतं, असं वाटत राहतं.

दुसरा प्रवाह लोककथांच्या अ‍ॅनिमेशनचा. तारा डग्लस यांनी मध्य भारतातल्या आदिवासी कथांवर स्थानिक चित्रकारांना बरोबर घेऊन काम केलं. ‘द टॉलेस्ट स्टोरी कॉम्पिटिशन’ ही मालिका आणि पाटणगडच्या परधान गोंड चित्रशैलीतला ‘मंजूर झाली’ ही त्याची ठळक उदाहरणं. ज्यांची गोष्ट त्यांच्याच हातून चित्रं, हा या कामाचा मोठा गुण. पुढे मात्र त्याची नक्कल सुरू झाली. आज ‘आदिवासी’ म्हटलं की ठिपक्या-रेघांचं हरीण नाहीतर वारली माणसांचा फेर, असं समीकरण पक्कं झालं आहे. पाटणगड मध्य प्रदेशात आणि वारली चित्रं पालघर-डहाणूकडची. गडचिरोलीतल्या भामरागडच्या माडिया गोंडांचे कोरीव लाकडी खांब, कंगवे, मण्यांच्या माळा, रेला नाचातली पावलं यांची दृश्यभाषा वेगळी आहे. तिच्याकडे पाहायलाच कोणी बसलं नाही. उसन्या ठिपक्यांत रंगवलेली गोष्ट माडिया मुलाला आपली कशी वाटावी?

तिसरा प्रवाह सरकारी संस्थांचा. १९५५ साली स्थापन झालेली चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद पडली. या संस्थांनी मुलांना प्रेक्षक म्हणून गंभीरपणे घेतलं, हे त्यांचं ऋण मान्य करायलाच हवं. पण धानोरा, एटापल्ली, भामरागडच्या मुलांच्या भाषेपर्यंत त्यांचा हात पोचला नाही. शाळेत या, हात धुवा, लस घ्या असे उपदेशपट पोचले. त्यांची गरज आहेच, पण त्यांत मूल नेहमी चुकणारं आणि साहेब नेहमी शिकवणारा. असा पडदा मुलांच्या मनात घर करत नाही.

चौथा प्रवाह मोबाइलचा, आणि आजचा सर्वांत जिवंत. गोंडी गाण्यांचे व्हिडिओ आणि झाडीबोलीतले विनोदी प्रसंग गावागावांतली पोरं स्वतः चित्रित करतात आणि यूट्यूबवर टाकतात. भाषा अस्सल, चेहरे ओळखीचे, मुलं ते पुन्हा पुन्हा पाहतात. उणिवाही उघड आहेत. वाऱ्याच्या आवाजात संवाद बुडतो, गाण्यात ड्रोन उगाच वर जातो, विनोद दारुड्या नवऱ्यापुढे सरकत नाही. लहान मूल त्यात असलंच तर मोठ्यांना हसवण्यापुरतं. तरीही उद्याचा दिग्दर्शक याच पोरांमधून येणार. त्यांना हवा आहे संकलन शिकवणारा आणि पटकथेवर वाद घालणारा कोणीतरी जाणकार.

यातून निघणारा पहिला मुद्दा भाषेचा. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २९ लाखांहून अधिक लोकांची मातृभाषा गोंडी आहे, तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. माडिया मूल पहिलीत बसतं तेव्हा मराठी त्याला परकी असते. मग मराठीत लिहून शेवटी गोंडीत डब केलेला लघुपट त्याच्या कानाला उपराच लागतो, कारण बोलण्याची लय, थांबे, हसण्याच्या जागा सगळ्या दुसऱ्या भाषेच्या असतात. पुस्तकांत थोडी वाट निघाली आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या ऑनलाइन गोष्टसंग्रहाने सीजीनेट स्वरा या मोबाइलवरच्या लोकमंचाच्या साथीने गोंडीत मुलांच्या गोष्टी आणल्या. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा उभी केली. लघुपटकाराला आणखी कुठला आधार हवा? शाळा आहे, गोष्टी आहेत, बोलणारी मुलं आहेत.

दुसरा मुद्दा विषयाचा, आणि त्यासाठी सावली तालुकाच पाहू. शहरातल्या मुलाचा वाघ ताडोब्याच्या सफारीत जिप्सीवरून दिसतो. सावली तालुक्यातल्या मुलाचा वाघ बांधावर पंजाचा ठसा ठेवून जातो, गोठ्यातली कालवड नेतो. मार्च-एप्रिलमध्ये आजी पहाटे मोहफुलं वेचायला निघते आणि ती परतेपर्यंत घराचा जीव टांगणीला लागतो. तिच्याबरोबर जायचा हट्ट धरणारी नात, तिला वाटेत कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं हे शिकवणारी आजी, आणि न दिसणारा वाघ. एवढ्यावर आठ मिनिटांचा उत्तम लघुपट उभा राहील. त्यात भीती असेल, जंगलाचं शहाणपण असेल आणि मूल केवळ बळी नसेल.

असं जमतं याचा दाखला न्यूझीलंडमध्ये आहे. माओरी दिग्दर्शक तायका वायटीटी यांचा ‘टू कार्स, वन नाइट’ अकरा-बारा मिनिटांचा. ‘ते काहा’ नावाच्या गावात गुत्त्याबाहेर दोन मोटारी उभ्या आहेत. आईवडील आत पीत बसलेत आणि मुलं मोटारींत ताटकळत आहेत. आपल्याकडे यावर व्यसनमुक्तीचा संदेश बेतला गेला असता. वायटीटी मुलांची एकमेकांना चिडवाचिडवी दाखवतात, मग हळूहळू जमणारी दोस्ती आणि निरोपाला दिलेली खेळण्यातली अंगठी. उपेक्षा प्रत्येक चौकटीत आहे, पण गोष्ट मुलांच्या ताब्यात आहे. या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं.

तिसरा मुद्दा दाखवण्याचा. कॅनडात क्विबेक प्रांतात २००४ पासून ‘वापिकोनी मोबील’चं फिरतं चित्रीकरण-केंद्र आदिवासी वस्त्यांमध्ये जातं. तिथली तरुण मुलं लघुपट करतात आणि ते आधी त्याच वस्तीत सगळ्यांसमोर दाखवले जातात, बाहेरच्या महोत्सवांना नंतर. आपल्याकडे तर फिरत्या खेळाची व्यवस्था आयतीच आहे. झाडीपट्टीचं नाटक सुरू होण्याआधी मंडपात गर्दी जमलेली असते. तिथे अर्धा तास मुलांचे दोन-तीन लघुपट दाखवायला काय हरकत आहे? पडदा लागेल, प्रोजेक्टर लागेल आणि कंपनीचा होकार लागेल. पैशांचाही विचार करता येईल. धानोरा तालुक्यातल्याच मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, २०११ पासून हे गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. त्यानंतर अनेक ग्रामसभांच्या हाती बांबू-तेंदूचं उत्पन्न येऊ लागलं आहे. त्यातला लहानसा वाटा आपल्या मुलांच्या चित्रांसाठी ठेवायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचं. पण त्यांनी पैसा घातला तर गोष्टीवर हक्कही त्यांचाच राहील आणि कुठला विधी कॅमेऱ्यासमोर आणायचा, कुठला नाही, हेही तेच सांगतील.

माझा निष्कर्ष असा. आदिवासी मुलांविषयीच्या मराठी लघुपटाने कलेची मोठी उंची गाठली आहे. आदिवासी मुलांसाठीच्या लघुपटाची सुरुवात व्हायची आहे. ती पुण्या-मुंबईच्या सद्भावनेतून पुरी होणार नाही. गोंडी-माडिया बोलणाऱ्या तरुणांच्या हाती पटकथा आणि संकलन दोन्ही गेलं पाहिजे.

तोवर या भागात कॅमेरा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती. लघुपट पुरा झाला की महोत्सवाचा अर्ज भरण्याआधी तो जवळच्या आश्रमशाळेत न्या, पहिली ते चौथीच्या मुलांना दाखवा आणि मागे उभे राहून त्यांच्याकडे पाहा. मुलं कुठे चुळबुळ करतात तिथे कात्री लावा आणि मगच आपलं नाव श्रेयनामावलीत घाला.