आयडाहोची ती रात्र आणि घरबसले गुप्तहेर

अमेरिकेतील आयडाहो राज्यात झालेल्या चार विद्यार्थ्यांच्या खुनावर आधारित ‘वन नाइट इन आयडाहो : द कॉलेज मर्डर्स’ ही चार भागांची मालिका आम्ही दोन संध्याकाळी बसून पाहिली. दिग्दर्शन लिझ गार्बस आणि मॅथ्यू गॅल्किन या दोघांचे. ११ जुलै २०२५ रोजी ती प्राइम व्हिडिओवर आली. खुनाच्या हकिकतीचे आपल्या मासिकात काय काम, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की, मालिका संपल्यावर आमच्या मनात खुनी राहिला नाही. राहिली ती निराळीच मंडळी : घरी बसून, हातातल्या फोनवर, कधी न भेटलेल्या मुलामुलींना खुनी ठरवणारी. आणि फोन आता आपल्या वयाच्या माणसांच्याही उशाशी आहे.

आधी घटना थोडक्यात सांगतो. मॉस्को हे आयडाहोतील सुमारे पंचवीस हजार वस्तीचे गाव. आयडाहो विद्यापीठ तेथेच आहे. १३ नोव्हेंबर २०२२, रविवार. पहाटे चारच्या सुमारास विद्यापीठाजवळच्या एका भाड्याच्या घरात तीन मुली आणि एक मुलगा चाकूने मारले गेले. त्याच घरात आणखी दोन मुली होत्या, त्या वाचल्या. पोलिसांना फोन गेला तो दुपारी बाराला दोन मिनिटे कमी असताना. हत्यार सापडले नाही, आणि पुढे ४७ दिवस कोणाला अटक झाली नाही. या ४७ दिवसांतच घरबसल्या गुप्तहेरांचे पीक आले.

त्यांनी कोणाकोणाला धरले पाहा. वाचलेल्या दोन मुलींना, कारण ‘आठ तास गप्प का बसल्या?’ एका मृत मुलीच्या जुन्या मित्राला, कारण तिने रात्री त्याला पुष्कळदा फोन केले होते. खाण्याच्या गाडीपाशी त्या रात्री उभ्या असलेल्या एका तरुणाला, कारण गाडीच्या कॅमेऱ्यात तो दिसला आणि त्याचे बघणे कोणाला आवडले नाही. मुलींना घरी सोडणाऱ्यालाही. पोलिसांनी यांचा संबंध नाही असे जाहीर केले, अफवांना उत्तरे देण्यासाठी आपल्या संकेतस्थळावर वेगळे पानच उघडले. उपयोग झाला नाही. पोलिसांनी निर्दोष म्हटले, म्हणजे पोलीस काहीतरी लपवतात, असा नवा शोध लागला. सुतावरून स्वर्ग गाठणे आपण ऐकले आहे. येथे सूतही नव्हते.

मालिकेचे खरे मोल येथे आहे. तिने कॅमेरा नेला तो दोन कुटुंबांकडे आणि त्या मुलांच्या मित्रमैत्रिणींकडे. त्या दुपारी घरात प्रथम शिरलेला मित्र काय करतो? तो आत जातो, पाहतो, आणि मागे आलेल्यांना तेथेच थांबवतो. पोलिसांना फोन करा म्हणतो, पण काय पाहिले ते सांगत नाही. विशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाने आपल्या मित्रांच्या डोळ्यांना आयुष्यभराची शिक्षा होऊ नये म्हणून ती एकट्याने घेतली. आम्ही सारी उमर मुले शिकवली. एवढे शहाणपण मोठ्या माणसांतही क्वचित दिसते. आणि याच मित्रमंडळाला पुढचे कितीतरी आठवडे अनोळखी लोकांचे आरोप वाचावे लागले. मित्र पुरायचे आणि त्याच वेळी आपण खुनी नाही हे जगाला पटवायचे, अशी पाळी त्यांच्यावर आली. त्यांचे बोलणे दिग्दर्शकांनी मध्ये न तोडता ऐकले आहे. मालिकेतील ही सर्वांत चांगली बाजू.

पडद्याबाहेरचे एक उदाहरणही सांगितले पाहिजे, कारण ते कोर्टापर्यंत गेले. टेक्सासमधील एका बाईंनी टॅरोचे पत्ते मांडून विद्यापीठातील एका प्राध्यापिकेने हे खून करविले असे टिकटॉकवर सांगण्यास सुरुवात केली. टिकटॉक म्हणजे फोनवरची लहान लहान चलचित्रे. लाखो लोक ती पाहतात. प्राध्यापिका त्या रात्री राज्यातच नव्हत्या. मृत मुलांपैकी कोणालाही त्यांनी कधी शिकवले नव्हते. थांबा अशी वकिलाची पत्रे गेली, तरी बाई थांबल्या नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये प्राध्यापिकांनी दावा लावला. जून २०२४ मध्ये न्यायाधीशांनी ती विधाने बदनामीकारक ठरवली. तक्रार ते निकाल, दीड वर्ष. पत्ते मांडायला लागली असतील पाच मिनिटे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, फक्त येथे फाशी देणाऱ्याला उठून वधस्तंभापर्यंतही जावे लागत नाही.

आणि खरा तपास? तो त्याच दिवसांत, आवाज न करता, चालू होता. मृतदेहाशेजारी चाकूचे रिकामे म्यान सापडले होते. त्याच्या बटणावर डीएनए होता. आसपासच्या कॅमेऱ्यांत एक पांढरी ह्युंदाई एलान्ट्रा पहाटे घराभोवती फिरताना दिसली. जवळच्या पुलमन गावातील विद्यापीठाच्या एका पोलीस शिपायाने २९ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर तशा मोटारींची यादी चाळली, आणि एका मोटारीच्या मालकाचे नाव नोंदले गेले. तो तेथेच गुन्हेगारीशास्त्रात पीएचडी करीत होता. इंटरनेटवर मित्र, मैत्रिणी आणि प्राध्यापिका सुळावर चढत होत्या, त्या वेळी खरे नाव पोलिसांच्या कागदावर आलेले होते. पुढे डीएनएवरून वंशावळ शोधली गेली, आईवडिलांच्या घरचा कचरा तपासला गेला, आणि ३० डिसेंबरला पेनसिल्व्हेनियात अटक झाली. २ जुलै २०२५ रोजी त्याने गुन्हा कबूल केला. २३ जुलैला चार जन्मठेपा झाल्या. त्याचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. ते सर्वत्र आहे.

आठ तासांचा तो प्रश्नही कोर्टाच्या कागदांनी सोडवला. एका मुलीने पहाटे दार उघडले तेव्हा तोंड झाकलेला अनोळखी माणूस समोरून गेला. ती भीतीने गोठली. मैत्रिणींना फोन लावले, संदेश पाठवले, आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीच्या खोलीत पळून गेली. मध्यरात्री घाबरलेल्या मुलीने काय करावे हे दुपारी आरामखुर्चीत बसून सांगणे फार सोपे असते.

आपल्या पिढीला गुप्तहेराची आवड नवी नाही. आपल्यापैकी कितीजणांनी शाळेच्या पुस्तकात दडवून बाबुराव अर्नाळकरांचा झुंजार आणि काळापहाड वाचला आहे! पण त्या संशयितांना आई नव्हती. पुस्तक मिटले की तेही मिटत. आजचा वाचक पुस्तक मिटवत नाही. पात्राच्या घरी फोन करतो. वर्गात कोणाचे पेन हरवले की काय होते ते आम्ही पुष्कळ वर्षे पाहिले. चाळीस बोटे एकाच दिशेला वळतात, आणि ती जो अबोल आहे, ज्याचे कपडे जुने आहेत, त्याच्याकडेच वळतात. पेन बहुधा ज्याचे त्याच्याच दप्तरात सापडते. पण त्या मुलाची त्या तासाची मान खाली जाते ती पुन्हा सहज वर येत नाही. वर्गात निदान एक शिक्षक तरी असतो. येथे चाळीस कोटी बोटे, आणि शिक्षक कोणीच नाही.

तरीही सगळ्यांना एकाच काठीने हाकणे अन्यायाचे होईल. पोलिसांनीच लोकांकडे माहिती मागितली होती, आणि अटकेपर्यंत १९,००० हून अधिक निरोप आले. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्यात मोटार दिसली तर ती कळवणे हे नागरिकाचे काम. लिझ गार्बस यांना हा फरक ठाऊक आहे. त्यांनीच २०२० मध्ये ‘आय विल बी गॉन इन द डार्क’ ही मालिका केली होती. ती मिशेल मॅकनमारा या लेखिकेवर होती. त्या पोलीस नव्हत्या. कॅलिफोर्नियातील एका जुन्या खुन्याचा माग त्यांनी वर्षानुवर्षे काढला, जुने कागद वाचले, निवृत्त तपास अधिकाऱ्यांना भेटल्या. २०१६ मध्ये त्या वारल्या. खुनी पकडला गेला २०१८ मध्ये, डीएनएवरूनच. म्हणजे हौशी शोधकही धीराचा असू शकतो. फरक हौशी आणि पगारी यांच्यात नाही. सापडलेले आधी कोणाला सांगायचे, तपास अधिकाऱ्याला की बाजाराला, यात आहे.

मग नव्या मालिकेत उणे काय? एक तर पोलीस आणि वकील तिच्यात नाहीत. न्यायाधीशांनी त्यांना बोलण्यास मनाई केली होती, त्याला दिग्दर्शकांचा इलाज नव्हता. कबुलीही मालिका तयार झाल्यानंतर आली, त्यामुळे शेवटचे प्रकरण गळाले आहे. पण दुसरा दोष त्यांचाच. घरबसल्या गुप्तहेरांनी मुलांना किती छळले हे मालिका दाखवते, पण त्या छळातून पैसा कोणाला मिळाला हे ती जोर लावून विचारत नाही. आरोप जितका भयंकर तितके पाहणारे जास्त, आणि पाहणारे जास्त तितक्या जाहिराती जास्त. हा हिशोब मांडल्याशिवाय ही साथ समजत नाही. शिवाय प्रत्येक भाग संपताना उत्सुकता ताणून धरण्याची जी पद्धत आहे, ती या मालिकेनेही सोडली नाही. उत्सुकतेच्या भुकेवर टीका करायची आणि तिलाच घास भरवायचा, हे आम्हांला खटकले.

पाहताना शोफ्तीम हा पाराशा वारंवार आठवत होता. एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणाला दोषी ठरवायचे नाही, दोन किंवा तीन हवेत, हे त्यातच आहे. खोट्या साक्षीदाराने दुसऱ्यासाठी जी शिक्षा योजली ती त्याच्यावरच यावी, हेही त्यातच. आणि पाराशाच्या शेवटी एग्ला अरूफा. शेतात मृतदेह सापडला, मारणारा ठाऊक नाही. वडीलधाऱ्यांनी काय करावे? तर्क करावेत, गावातील कोणाकडे बोट दाखवावे, असे तेथे नाही. त्यांनी बाहेर जाऊन अंतर मोजावे, सर्वांत जवळच्या गावाने पुढे व्हावे, आणि त्या गावाच्या वडीलधाऱ्यांनी आपले हात धुऊन या रक्ताबद्दल उत्तर द्यावे. खुनी सापडलेला नाही तेव्हा समाजाने आधी स्वतःचे हात पाहायचे. मॉस्कोच्या त्या ४७ दिवसांत हजारो मैलांवरच्या लोकांनी दुसऱ्यांचेच हात तपासले.

वडीलधारे म्हणजे आता आपण, वाचकहो. आपल्या गटांतही अशा गोष्टी येतात : अमक्याचा फोटो, ‘यानेच केले’, ‘सर्वांना पाठवा’. पाठवणाऱ्याने लिहिलेले नसते, पण बोट त्याचेच लागते, आणि लाशोन हारा फक्त तोंडानेच होतो असे नाही. फोटोतला मुलगा कोणाचा तरी नातू असतो.

मालिका पाहावी असे आम्ही सुचवतो, विशेषतः मित्रांचे आणि आईवडिलांचे भाग. हिंसा फारशी दाखवलेली नाही, तरी मन कच्चे असेल त्यांनी रात्री पाहू नये. ते घर २८ डिसेंबर २०२३ रोजी पाडून टाकण्यात आले. हे खून का केले, हे कबुलीच्या वेळी गुन्हेगाराने सांगितले नाही, शिक्षेच्या वेळीही नाही. त्या रिकाम्या जागी आजही लोक आपापली उत्तरे भरीत आहेत. ज्यांची मुले गेली ते मात्र उत्तरावाचून जगण्यास शिकत आहेत.