रेषेचा पाठभेद

अ‍ॅनिमेशनपटांवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते त्यात कथा असते, पात्रे असतात, संगीत असते. रेषा क्वचितच असते. वास्तविक हाताने काढलेल्या चित्रपटात नटाचे कामही रेषाच करते आणि पुष्कळदा प्रकाशाचेही. आज हे चित्रपट आपण ज्या डिजिटल प्रतींतून पाहतो, त्यांत सर्वांत आधी बळी जातो तो या रेषेचाच. तो कसा जातो आणि समीक्षकाने त्याची दखल का घ्यावी, हे या लेखात तपासायचे आहे.

आधी थोडा हिशेब. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांच्या एका चौकटीत सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर एका सेकंदाच्या चित्राला जवळजवळ १२० कोटी बिट लागतात. घरी येणारा प्रवाह सेकंदाला ५० लाख बिटांचा असेल, तर मूळ माहितीचा २४० वा भागच आपल्यापर्यंत पोहोचतो. उरलेले सगळे फेकलेलेच असते असे नव्हे. पुष्कळसे पुनरावृत्त असते आणि ते मागच्या चौकटीवरून पुन्हा उभे करता येते. पण काही भाग कायमचा टाकावाच लागतो. काय टाकायचे हे ठरवणारी जी रीत आहे, तिच्यात चित्र म्हणजे काय याविषयीचे एक गृहीतक दडलेले आहे.

या रीतीच्या मुळाशी बंगळुरूत जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह १९७४ साली प्रसिद्ध केलेले एक गणिती रूपांतर आहे. जेपेग छायाचित्रापासून डीव्हीडीपर्यंत आणि पुढच्या बहुतेक व्हिडिओ-प्रणालींपर्यंत त्याचाच वंश चालत आला आहे. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे ठोकळे पाडायचे आणि प्रत्येक ठोकळा ६४ नमुन्यांच्या बेरजेने मांडायचा. काही नमुने ढोबळ, संथ चढउतारांचे. काही अत्यंत बारीक, झपाझप बदलणारे. चेहरा, आकाश, भिंत यांच्या छायाचित्रात जवळजवळ सगळा ऐवज ढोबळ नमुन्यांत साठतो. बारीक नमुन्यांना डोळा तसाही कमी संवेदनशील असतो. म्हणून ते खडबडीत मोजायचे किंवा शून्य धरायचे. छायाचित्रापुरता हा व्यवहार अतिशय शहाणपणाचा आहे.

रेषेचे गणित वेगळे आहे. पांढऱ्यावरची काळी रेघ म्हणजे एकाएकी पडलेला कडा. तो उभा राहायला ढोबळ आणि बारीक असे सगळे नमुने एकाच वेळी हजर असावे लागतात. त्यांतले बारीक काढून घेतले की कड्याच्या दोन्ही बाजूंना फिकट तरंग उमटतात, पाण्यात खडा टाकल्यासारखे. चित्र हलू लागले की हे तरंग दर चौकटीला जागा बदलतात आणि रेषेभोवती डासांचा थवा घोंगावत असल्याचा भास होतो. कोणालाही घरी हे करून पाहता येईल. टाकाने एक रेघ ओढावी, ती स्कॅन करून जेपेगच्या सर्वांत खालच्या दर्जावर जतन करावी आणि मोठी करून पाहावी.

रंगीत रेषेचे हाल याहून वाईट. प्रचलित पद्धतीत उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची होते, रंगाची मात्र चार ठिपक्यांत मिळून एकदाच. म्हणजे १९२० गुणिले १०८० च्या चित्रात रंगाचा नकाशा प्रत्यक्षात ९६० गुणिले ५४० एवढाच असतो. काळ्या रेषेला त्याची फारशी झळ लागत नाही. पण रेषा आणि पार्श्वभूमी यांचा उजेड सारखाच असेल आणि भेद केवळ रंगाचा असेल, तर ती रेषा शेजारच्या रंगात ओघळते.

दिवाळी अंकांच्या वाचकाला हा प्रश्न तसा नवा नाही. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छायाचित्रासाठी हाफटोन ब्लॉक बनवत आणि रेखाटनासाठी लाइन ब्लॉक. दलालांचे किंवा शि. द. फडणीसांचे रेखाटन हाफटोनच्या जाळीतून काढले असते, तर रेषेच्या कडा ठिपक्यांनी कुरतडल्या गेल्या असत्या. ब्लॉकमेकरला हे ठाऊक होते. व्हिडिओ-संकोचनाने मात्र दीर्घकाळ सगळ्यांना एकाच जाळीतून काढले. अपवाद पुढे झाले, पण ते कोणासाठी झाले हे पाहण्यासारखे आहे. एचईव्हीसी प्रणालीला २०१६ मध्ये जोडलेल्या विस्तारात आणि २०१८ च्या एव्ही१ मध्ये मोजक्या रंगांच्या तबकडीतून ठोकळा मांडण्याची सोय आली. ती योजली संगणकाच्या पडद्यावरच्या मजकुरासाठी. अक्षराची कड वाचावी असे अभियंत्यांना वाटले, कारण ती गेली तर वाचता येत नाही. चित्रातली रेषा गेली तर तक्रार कोण करणार?

एक्स२६४ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संकोचकात 'अ‍ॅनिमेशन' नावाची तयार मांडणी आहे. ती निवडली की ठोकळ्यांच्या सीमा गुळगुळीत करण्याचे प्रमाण वाढते आणि बारीक पोत राखण्याचा आग्रह कमी होतो. सपाट रंग आणि स्वच्छ, एकजिनसी रेषा असलेल्या चित्राला ती चांगली मानवते. पण अ‍ॅनिमेशन म्हणजे सपाट रंग आणि स्वच्छ रेषा, ही व्याख्या केली कोणी? इसाओ ताकाहाता यांच्या 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' (२०१३) मध्ये नायिका घर सोडून धावत सुटते, तेव्हा रेषा विस्कटते, फुटते, कोळशाने खरडल्यासारखी होते. तिथे पोत हाच आशय आहे. माझ्या मते त्या प्रसंगाला 'अ‍ॅनिमेशन'पेक्षा त्याच संकोचकातली 'ग्रेन' ही मांडणी, म्हणजे फिल्मचा दाणा राखण्यासाठी केलेली, अधिक जवळची आहे. मांडणीचे नाव आणि कलाकृतीचा स्वभाव यांत एवढे अंतर पडू शकते.

संकोचनाआधी होणारी सफाई हा दुसरा धोका. फिल्मचा दाणा दर चौकटीला बदलतो, म्हणून तो साठवणे महाग पडते. सफाईचे सॉफ्टवेअर लागोपाठच्या चौकटी ताडून पाहते. जे टिकते ते चित्र मानते आणि जे थरथरते ते मळ. पण हाताने पुन्हा पुन्हा काढलेली रेषाही थरथरते. फ्रेदरिक बाक यांच्या 'द मॅन हू प्लांटेड ट्रीज' (१९८७) मधली रंगीत पेन्सिलींची हालचाल याच थरथरीवर उभी आहे. एव्ही१ मध्ये तर दाणा आधी काढून टाकून पाहणाऱ्याच्या यंत्रावर तसाच कृत्रिम दाणा पुन्हा पसरण्याची सोय आहे. दाण्याच्या बाबतीत हे चालते, कारण तो यादृच्छिक असतो. पेन्सिलीचा फराटा यादृच्छिक नसतो. तो दाण्याबरोबर निघून गेला, तर सरासरीवरून परत आणता येत नाही.

डिस्नेच्या 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' (१९६१) या चित्रपटात अब आयवर्क्स यांनी रुळवलेल्या झेरॉक्स तंत्राने चित्रकाराची पेन्सिल थेट सेलवर उतरली. तोवर ती रेषा शाईने दुसऱ्याच हातांनी गिरवली जात असे. आता खरबरीतपणा, तुटकपणा, मागे राहिलेल्या आखणीच्या खुणा पडद्यावर दिसू लागल्या. 'द स्वोर्ड इन द स्टोन' (१९६३) याच परंपरेतला. त्याची २०१३ ची ब्लू-रे आवृत्ती निघाली तेव्हा जाणकारांनी नेमकी हीच तक्रार केली: दाणा काढताना रेषाही पुसली गेली आहे. यावर असे म्हणता येईल की खुद्द वॉल्ट डिस्ने यांनाही ती खरबरीत रेषा आवडली नव्हती, मग स्वच्छ केली तर बिघडले काय? बिघडले ते असे की, ही सफाई म्हणजे संपादन आहे आणि संपादन करणाऱ्याने ते आपल्या नावाने, सांगून करायचे असते.

मोजमापही इथे मदतीला येत नाही. दर्जा मोजण्याच्या जुन्या पद्धतीत सगळ्या ठिपक्यांच्या चुकांची सरासरी काढतात. दोन ठिपके जाड आणि ३०० ठिपके लांब अशी भुवईची रेघ म्हणजे ६०० ठिपके. संपूर्ण चौकटीच्या ०.०३ टक्केच. ती नाहीशी झाली तर सरासरी जेमतेम हलते, पण पात्राचा राग नाहीसा होतो.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा आहे. विजया मुळे आणि भीमसेन यांचा 'एक अनेक और एकता' (१९७४) एका अख्ख्या पिढीला पाठ आहे, पण जालावर त्याच्या फिरणाऱ्या अनेक प्रती दूरदर्शनच्या जमान्यातील ध्वनिचित्रफितींवरून पुन्हा पुन्हा संकोचलेल्या दिसतात. प्रत्येक फेरीत आधीच्या फेरीचे तरंगही चित्राचाच भाग म्हणून नोंदले जातात. अशा प्रतीवरून कोणी उद्या लिहिले की भारतीय अ‍ॅनिमेशनची रेषा बोथट होती, तर ते विधान त्या कलाकृतीविषयी असेल की प्रतीविषयी?

या प्रश्नाला लागणारी शिस्त आपल्याकडे पूर्वीपासून आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, ती शेकडो हस्तलिखिते ताडून आणि पाठभेद तळटीपांत जपून. नकलाकाराने काय गाळले आणि काय 'सुधारले' हे शोधणे हा तिथे अभ्यासाचाच भाग होता. संकोचक हा आजचा नकलाकार आहे. त्याच्याही सवयी आहेत, त्याचेही ठरावीक प्रमाद आहेत आणि ते ओळखता येतात.

म्हणून अ‍ॅनिमेशनवर लिहिणाऱ्यांकडून माझी अपेक्षा साधी आहे. आपण कोणती प्रत पाहिली, हे लेखात नोंदवावे. रेषेविषयी विधान करण्यापूर्वी शक्य असेल तिथे दोन प्रतींतील एकच चौकट शेजारी ठेवून पाहावी. आणि संग्रहालयांकडे आग्रह धरावा की, सफाईपूर्वीची प्रत एफएफव्ही१ सारख्या काहीही न गाळणाऱ्या स्वरूपात जपली जावी. जगाला दाखवायची प्रत लहान असायला हरकत नाही. ती लहान करताना काय गेले, हे पडताळायला मूळ शिल्लक राहिले पाहिजे.