घर गहाण ठेवल्याची गोष्ट : पैलवान, कॉलेज आणि पैसा



आज एक गोष्ट तुमच्यापुढे तपासायला ठेवणार आहे. गोष्ट नवी नाही. कोल्हापुरात कुस्तीवर बोलायला उभा राहिलेला जवळजवळ प्रत्येक माणूस ती सांगतो. मीही पूर्वी सांगितली आहे. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं आणि सात हजार रुपये उभे केले. खाशाबा गेले, बँटमवेट गटात कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. इथे टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो.

माझी तक्रार त्या टाळ्यांबद्दल आहे. खर्डेकर सरांच्या मोठेपणाबद्दल नाही, तो आहेच. पण आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून ऐकतो आणि तिच्यातला हिशेब वाचत नाही. एका प्राचार्याला स्वतःचं घर गहाण टाकावं लागलं, याचा सरळ अर्थ एवढाच की त्या कामासाठी दुसरा पैसा जवळपास नव्हता. गोष्ट व्यवस्थेच्या रिकाम्या खिशाची आहे. आपण तिला एका माणसाच्या भरल्या काळजाची करून टाकली.

तारखा बघा. १९४८ साली लंडनला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. तिथे फ्लायवेट गटात सहावे आले. कॉलेजात शिकणारा मुलगा पहिल्याच ऑलिंपिकमध्ये सहावा येतो, तेव्हा पुढची चार वर्षं त्याच्या खुराकाची आणि सरावाची सोय कोणीतरी हक्काने करायला हवी होती. ती तशी झाली नाही. पदक १९५२ चं, पोलीस खात्यातली नोकरी १९५५ ची. १९८४ साली ते गेले. अर्जुन पुरस्कार २००० सालचा, मरणोत्तर. पैसा असो की मान, सगळं नंतर.

तर आजचा माझा मुद्दा एकच आहे : पैसा कुस्तीच्या आधी येतो की नंतर, यावर पैलवान कोण होणार हे ठरतं.

कोल्हापूरला हे नव्याने सांगायची खरं तर गरज नाही. शाहू महाराजांनी १९०१ साली इथे पहिलं वसतिगृह काढलं आणि मग जातीजातींच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांगच उभी केली. त्याच राजाने तालमींना आणि मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान पुरं केलं. दोन्हीकडे रीत एकच होती. मुलाची राहायची-जेवायची सोय आधी. मग त्याने शिकावं, मग त्याने लढावं. वसतिगृहातल्या पोराला कोणी म्हटलं नाही की आधी पास होऊन दाखव, मग भाकरी देतो.

आता आजचं चित्र घ्या. मैदानाचा पैसा इनामाचा असतो. जो जिंकतो त्याला. आणि तोही बहुतेक वजनदार पैलवानाला, कारण शेवटची मोठी कुस्ती त्याची, पोस्टरवर फोटो त्याचा. महाराष्ट्र केसरीची गदासुद्धा ८६ ते १२५ किलोच्या गटासाठी आहे. २०२२ साली साताऱ्यात पृथ्वीराज पाटीलने ती गदा दोन दशकांनंतर कोल्हापूरला आणली. गदेबरोबर रोख रक्कम मिळाली नाही हे त्याने बोलून दाखवलं, बातम्या झाल्या आणि मग मदतीचे हात पुढे आले. पुढच्या स्पर्धेत, पुण्यात, विजेत्याला मोटारगाडी मिळाली. चांगली गोष्ट आहे. पण मोटार दारात येईपर्यंतची दहा-बारा वर्षं दूध, तूप, बदाम कुणी पुरवले? बापाने. एखादी म्हैस बांधून, नाहीतर तुकडा विकून. ज्या बापाकडे म्हैसही नाही आणि तुकडाही नाही, त्याचं पोरगं त्या पोस्टरपर्यंत पोचतच नाही. ते हरलं असं आपण म्हणतो. खरं तर ते लढलेलंच नसतं.

इथे कॉलेजचा पैसा वेगळं काम करू शकतो, आणि हे नीट समजून घ्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेत ५७ किलोच्या सुवर्णपदकाची किंमत १२५ किलोच्या सुवर्णपदकाएवढीच असते. विद्यापीठांची क्रीडा कामगिरी मोजून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक दिला जातो, आणि ती मोजताना पोराचं वजन कोणी विचारत नाही. म्हणजे ज्या हलक्या अंगाच्या मुलाकडे मैदान ढुंकून बघत नाही, त्याची कॉलेजला गरज असते. खाशाबा स्वतः असेच हलक्या गटातले. मुलींचंही तेच. गावच्या जत्रेत त्यांच्या जोडी कमी लागतात, इनामं लहान. त्यांना कॉलेजचं दार जास्त मोलाचं.

म्हणून मी कॉलेजच्या पैशाच्या विरोधात बोलत नाही. तो ज्या रीतीने वाटला जातो, त्यावर बोलतोय.

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की कॉलेजांची माणसं तालमीत येतात. वस्तादांना नमस्कार होतो, चहा होतो. फी माफ करू, होस्टेल देऊ, स्पर्धेचा प्रवासखर्च आणि ट्रॅकसूट देऊ. विचारणा कोणाची होते? ज्याच्याकडे शालेय राज्य स्पर्धेचं प्रमाणपत्र आहे त्याची. म्हणजे त्याला वस्तादाने घडवलं, बापाने पोसलं, आणि तयार झाल्यावर कॉलेजने नाव लावलं. याला शिष्यवृत्ती म्हणायचं की तयार माल उचलणं? (हशा) हसू नका, हे शब्द तालमीतलेच आहेत.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला महिना दहा हजार रुपये हातखर्चाला मिळतात. दिवसाला साधारण ३३३ रुपये. घरी गेल्यावर कागद घ्या आणि त्यात दोन लिटर दूध, मूठभर बदाम, तूप, अंडी बसवून बघा. बरंचसं बसतं. म्हणजे आधार खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तोसुद्धा गुणवत्ता दिसल्यावरच मिळतो. दिसेपर्यंतचं काय, हा प्रश्न उरतोच.

दुसरी गोष्ट अभ्यासाची. मी एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं. नाव घेत नाही. माझ्या हजेरीपटावर एक पैलवान होता. वर्षभरात एकदाच समोर आला, परीक्षेच्या अर्जावर सही घ्यायला. दाराबाहेर चपला काढून उभा. म्हटलं, "अरे, आत ये, हे देऊळ नाही." म्हणाला, "सर, मला कुठल्या बाकावर बसायचं तेच माहीत नाही." त्याने कॉलेजला पदक दिलं. तिसऱ्या वर्षी गुडघा गेला, फी माफी थांबली, पदवी राहिली. मी त्याची सही केली होती. हजेरी नव्हती हे मला माहीत होतं, तरी केली. त्याच्यावर उपकार करतोय असं तेव्हा वाटलं. आज वाटतं, आम्ही सगळ्यांनी मिळून त्याची फसवणूक केली.

आता अमेरिकेकडे एकदा बघू, कारण कॉलेज कुस्तीचा सगळ्यात मोठा बाजार तिथे आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. वरच्या श्रेणीतल्या कॉलेजांना कित्येक वर्षं एका संघासाठी ९.९ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. वजनगट दहा. म्हणजे एका गटाला एक पुरी शिष्यवृत्तीही नाही! मग प्रशिक्षक तिचे तुकडे करायचे. कुणाला पाव, कुणाला अर्धी. उरलेली फी ज्याचे आईबाप भरू शकतात, तो मुलगा घेणं सोपं. मर्यादा गरिबांसाठी घातलेली नव्हती, पण भार त्यांच्यावरच पडला. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर नियम बदलले. ती तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना शिष्यवृत्त्यांची मर्यादा राहिली नाही, संघात जास्तीत जास्त तीस मल्ल एवढीच अट उरली. त्याने श्रीमंत कॉलेजं आणखी पुढे जातील, ही भीती आहेच.

पण त्यांचा एक नियम मला घ्यावासा वाटतो. खेळत राहायचं असेल तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचा चाळीस टक्के भाग पुरा झालेला हवा, तिसऱ्याअखेर साठ, चौथ्याअखेर ऐंशी. तिथेही पळवाटा काढतात, सोपे विषय निवडून देतात. तरी नियम काय म्हणतो? हा मुलगा आधी विद्यार्थी आहे. आपल्याकडे तो हजेरीपटावर विद्यार्थी असतो आणि बाकावर कधीच नसतो.

मग काय करायचं? मोठ्या योजना मला सुचत नाहीत; तीन साध्या गोष्टी सांगतो. एक, कॉलेजांनी आपल्या क्रीडा खर्चातला काही भाग पदक नसलेल्या मुलांसाठी ठेवावा. सोळा-सतराव्या वर्षी, वस्तादाच्या शब्दावर, घरची परिस्थिती बघून. वस्तादाची नजर प्रमाणपत्राच्या आधी ओळखते. दोन, मदत पदवी पुरी होईपर्यंतची असावी. दुखापत झाली म्हणून थांबू नये. गुडघा गेलेल्या मुलालाच पदवीची जास्त गरज असते. तीन, सकाळच्या आणि संध्याकाळच्या सरावाच्या मध्ये जी दुपार आहे, तिथे त्याचे वर्ग ठेवा, शिकवणारा द्या आणि खोट्या सह्या बंद करा. ही तिसरी गोष्ट माझ्यासारख्यांना उद्देशून आहे.

कोणी म्हणेल, पदक नसलेल्यावर पैसा घालणं म्हणजे जुगार. बरोबर आहे, काही मुलं निघणार नाहीत. पण त्यांच्या हातात पदवी तर असेल. वसतिगृहातलं प्रत्येक पोर कलेक्टर झालं नाही, म्हणून शाहू महाराजांचा पैसा वाया गेला असं या गावात कोणी म्हणत नाही.

शेवटी पुन्हा खर्डेकर सरांकडे येतो. त्यांनी पैसे दिले तेव्हा पदक नव्हतं. सहावा क्रमांक होता आणि विश्वास होता. म्हणजे त्यांनी आधी दिले. त्या गोष्टीतलं हेच उचलण्यासारखं आहे. घर गहाण टाकणं नव्हे. पुढच्या प्राचार्यावर ती वेळ येऊ नये, एवढी तजवीज करायला आपल्याला सत्तर वर्षं मिळाली होती.

आज शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचं नाव आहे. पुढच्या वेळी तिथे जाल, तेव्हा आत किती पैलवान पोरं वाचत बसलेली दिसतात, तेवढं मोजून या.

 आता प्रश्न घेऊ.