निवळीचा दुसरा अंक

चुन्याच्या निवळीचा प्रयोग शाळेत आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण बहुतेकांनी पाहिलेला असतो तो त्याचा पहिला अंक. परीक्षानळीत स्वच्छ निवळी, तीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड, निवळी दुधाळ, वायू ओळखला, वहीत निरीक्षण, तास संपला. रसायनशास्त्रात मला याहून देखणी रचना माहीत नाही, आणि तिचा रंग भरायला लागतो तो आपण नळी बाहेर काढतो त्याच्या पुढे.

पहिला अंक तसा सरळ आहे. निवळीत कॅल्शिअमचे आणि हायड्रॉक्साइडचे आयन सुटे फिरत असतात. वायू शिरला की कार्बोनेट तयार होतं, आणि कॅल्शिअम व कार्बोनेट या जोडीला पाण्यात फार थोडा थारा आहे: कार्बन डायऑक्साइड नसलेल्या लिटरभर पाण्यात कॅल्शिअम कार्बोनेट जेमतेम 13-14 मिलिग्रॅम विरघळतं. उरलेलं बाहेर पडतं, तोच अवक्षेप. त्याचा आरंभ नीट पाहावा. बुडबुड्याच्या वाटेवर आधी एक धूसर लकेर उमटते, हलते, पसरते, आणि पाहता पाहता सगळी नळी पांढरी होते. हा पांढरा रंग त्या पदार्थाचा नव्हे. कॅल्साइटचा शुद्ध, मोठा स्फटिक पारदर्शक असतो. इथे असंख्य केंद्रांभोवती एकदम कण धरतात, एकालाही वाढायला सवड मिळत नाही, आणि हे बारीक कण प्रकाश विखुरतात म्हणून आपल्याला दूध दिसतं.

आता वायू तसाच सोडत राहा. काही वेळ काहीच घडत नाही. मग दूध पातळ होतं, नळीपलीकडची अक्षरं अंधूक दिसू लागतात, आणि अखेर निवळी पुन्हा स्वच्छ होते. ज्या वायूने अवक्षेप घडवला, त्याच वायूने तो विरघळवला! यातली खुबी अशी, की वायू घन कणांना थेट भिडतच नाही. तो पाणी किंचित आम्लधर्मी करतो. द्रावणातलं मोजकं कार्बोनेट एकेक प्रोटॉन घेऊन बायकार्बोनेट होतं, आणि बायकार्बोनेटचं कॅल्शिअमशी पाण्यात उत्तम जमतं. द्रावणात कार्बोनेटची उणीव पडली, की ती भरायला घनातून नवं कार्बोनेट सुटतं. तेही बदलतं. असा तो घन भरपाई करता करता संपून जातो. कणांच्या पृष्ठभागावर आयनांची सुटण्याची आणि बसण्याची ये-जा पहिल्यापासून चालूच होती. फक्त तिचं पारडं फिरलं.

पुष्कळदा हा अंक रंगतच नाही आणि प्रयोग फसला असं वाटतं. त्यामागे साधा हिशेब आहे. संपृक्त निवळीच्या एका लिटरमध्ये सुमारे 1.7 ग्रॅम कॅल्शिअम हायड्रॉक्साइड असतं; त्यापासून सुमारे 2.3 ग्रॅम कार्बोनेट बनतं. पण नेहमीच्या दाबाला शुद्ध कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणीही लिटरमागे ग्रॅमभराच्या आसपासच कार्बोनेट पेलतं. म्हणून निवळी आधी तिप्पट पाणी घालून पातळ करायला हवी. नळीने उच्छ्वास सोडणार असाल तर त्याहून पुष्कळ पातळ, कारण उच्छ्वासात हा वायू शेकडा चारच्या आसपास असतो.

स्वच्छ झालेलं द्रावण उकळलं की वायू निघून जातो आणि कार्बोनेट परत अवतरतं. जड पाण्याच्या गीझरमध्ये आणि किटलीच्या बुडाशी साचणारा पांढरा थर बहुतांशी हाच. लंडनमध्ये रॅथबोन प्लेस इथल्या पंपाचं पाणी उकळल्यावर असाच चुना टाकत असे. हेन्‍री कॅव्हेंडिशने 1767 मध्ये दाखवून दिलं, की तो चुना पाण्यात टिकतो तो जास्तीच्या वायूच्या आधाराने. आंध्रातल्या बोर्रा गुहांचे लवणस्तंभही याच दोन अंकांतून घडले: जमिनीतला वायू घेऊन आलेलं पाणी चुनखडी विरघळवतं, आणि गुहेत तो वायू उडाला की कॅल्साइट मागे ठेवतं. तिथे घाई नसते, म्हणून स्फटिकांना वाढायला सवड मिळते.

अवक्षेप हा शेवट नव्हे, हे ओळखायला रसायनशास्त्राला वेळ लागला. नेपोलियनच्या मोहिमेबरोबर 1798 मध्ये इजिप्तला गेलेल्या बर्तोलेने नेट्रॉन सरोवरांच्या काठी धुण्याच्या सोड्याचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शिअम क्लोराइड एकत्र आले की चुनखडीचा अवक्षेप पडतो आणि मीठ द्रावणात राहतं. इथे अमाप मीठ आणि अमाप चुनखडी यांनी तीच अभिक्रिया उलटी चालवली होती. अभिक्रियेची दिशा पदार्थांच्या केवळ ओढीवर नव्हे, त्यांच्या राशीवरही ठरते, हे त्याने तिथे ताडलं आणि 1803 च्या ग्रंथात सविस्तर मांडलं.

शिक्षकांना एवढीच विनंती: निवळी पातळ करून घ्या, आणि ती दुधाळ झाल्यावर वायू आणखी काही मिनिटं चालू राहू द्या. त्यासाठी वेगळं कोणतंही साहित्य लागत नाही.