सांबाचे मूळ : नोंद आणि परंपरा

ब्राझीलमधील सांबा-संगीताचा जन्म १९१६ साली झाला, असे सांगण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी दोंगा या संगीतकाराने ‘पेलु तेलेफोनी’ हे गीत रिओ दि जानेरो येथील राष्ट्रीय ग्रंथालयात नोंदविले. परंतु नोंदीची तिथी ही जन्मतिथी नव्हे. ‘सांबा’ हा शब्द १८३८ मध्येच पेर्नांबुकु प्रांतातील एका नियतकालिकात छापलेला आढळतो. अंगोलातील किंबुंदू भाषेच्या ‘सेंबा’ या शब्दाशी, म्हणजे नाचताना नाभीस नाभी भिडविण्याच्या क्रियेशी, त्याचा संबंध बहुधा जोडला जातो. ही व्युत्पत्ती निर्विवाद नाही; आणि ती सिद्ध झाली तरी केवळ शब्दाच्या इतिहासावरून संगीताचा इतिहास ठरविता येणार नाही.

त्याहून भक्कम पुरावा प्रत्यक्ष प्रयोगाचा आहे. बाईया प्रांतातील ‘सांबा-दि-रोदा’ या प्रकारात रिंगण, टाळ्या, एकाचे गाणे व समूहाचे प्रत्युत्तर ही अंगे आजही टिकून आहेत. १८८८ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली; त्याच्या आधी व नंतरही बाईयातील अनेक कृष्णवर्णीय कुटुंबे रिओत येऊन राहिली. त्यांपैकीच तिया सियाता ही स्त्री होय. तिच्या घरी जमणाऱ्या गायकवादकांच्या मेळ्यात ‘पेलु तेलेफोनी’ आकारास आले. म्हणूनच त्याच्या कर्तृत्वाविषयी पुढे वाद माजला. दोंगा हाही बाईयाहून आलेल्या मातेचाच पुत्र. तेव्हा त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तथापि १९१६ हेच आरंभवर्ष मानल्यास ज्यांची नावे कोठेही नोंदली गेली नाहीत, त्या पिढ्यांचे ऋण इतिहासातून पुसले जाते. मौखिक परंपरेच्या अभ्यासकाने नोंदीला साक्षीदार मानावे. जनकत्व तिच्याकडे देऊ नये.